झाडांचं नंतर बघू, आधी नोटीस बजावल्याची पोच शोधा

बार्शी तालुक्यातून एका वाचकाचं चार पानी पत्र आलं आहे. बालाघाटाच्या उतारावर आजोबांपासूनचा १४ एकर माळ. त्यांनी तो नांगरला नाही, गवत राखलं, समतल चर काढले. आता तिथं खोकडं, ससे, काळवीट येतात; एकदा लांडग्याची मादी पिल्लांसह दिसली. त्यांनी भोवती कुंपण घातलं, सिमेंटचा पाणवठा बांधला. प्रश्न तीन आहेत: वाळलेल्या दोन चिंचा तोडायला परवानगी कोण देणार, पाणवठ्याला कोणती परवानगी लागते, आणि माळ एखाद्या संस्थेकडे सांभाळायला देता येईल का. मग चौथ्या पानावर, जाता जाता सांगावं तसं लिहिलंय की सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘राखीव वन, महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५’ अशी नोंद आहे आणि कुंपण काढण्याबद्दल वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची नोटीस आली आहे.

या धाटणीची पत्रं नेहमी येतात, आणि खरा प्रश्न नेहमी शेवटच्या पानावर असतो.

पहिल्या तीन पानांना आज उत्तर देऊन उपयोग नाही. चौथ्या पानावरची नोंद खरी ठरली तर ही जमीन ३० ऑगस्ट १९७५ पासून तुमच्या घराण्याची नाहीच. त्या दिवशी हा कायदा लागू झाला आणि कलम ३ प्रमाणे खाजगी वनं बोजाविरहित, म्हणजे कोणाचाही हक्क न उरता, सरकारजमा झाली. त्याच कलमात पुढे म्हटलंय की अशी जमीन राखीव वन मानली जाईल. म्हणजे तुमचं कुंपण अतिक्रमण, पाणवठा विनापरवाना बांधकाम आणि चिंचेवर कुऱ्हाड घातलीत तर वनगुन्हा. तुम्ही हे सगळं प्राण्यांसाठी केलंत हे मला पटतं. राखीव वनातले गुन्हे ठरवणाऱ्या वन अधिनियमाच्या कलम २६ ला तुमच्या हेतूशी फारसं देणंघेणं नाही.

तेव्हा प्रकरण एका कागदावर येऊन थांबतं. खाजगी वनाच्या व्याख्येत पोटप्रकार बरेच आहेत, पण तुमच्या फेरफारात, म्हणजे सातबारा बदलणाऱ्या नोंदीत, आधार एकच दिलाय: भारतीय वन अधिनियम १९२७, कलम ३५, पोटकलम ३ ची नोटीस. ही कारणे दाखवा नोटीस असते. तुमच्या रानात तोड, नांगरट, चराई यांवर बंदी का घालू नये, असं मालकाला विचारायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं आणि मग पोटकलम १ ची अंतिम अधिसूचना काढायची, असा तो क्रम. पन्नाशीच्या दशकात अशा नोटिसा राजपत्रात छापून आल्या आणि पुष्कळ ठिकाणी पुढे काहीच झालं नाही. ना सुनावणी, ना अंतिम अधिसूचना. मालक शेत कसत राहिला, सरकार विसरून गेलं. १९७५ च्या कायद्यानं व्याख्येत त्या जुन्या नोटिसा पकडल्या आणि आणखी तीसेक वर्षांनी तलाठ्यांनी त्यांवरून फेरफार ओढले.

सर्वोच्च न्यायालयानं ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज आणि बॉइसच्या विक्रोळीच्या जमिनीवर निकाल देताना या नोटिशींचा हिशेब लावला. नोटीस राजपत्रात छापली म्हणजे भागलं, असं नाही. ती मालकावर बजावलेली असली पाहिजे. आणि वर्षानुवर्षं काहीच न करता पडून राहिलेली नोटीस १९७५ साली अचानक जिवंत होत नाही. २००० सालचा चिंतामणी वेलकर प्रकरणातला उलट निकाल त्यात रद्दबातल ठरला. तरीही इकडच्या कार्यालयांतून ‘तो निकाल त्या जमिनीपुरता’ हे पालुपद चालूच राहिलं. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दुसऱ्या जमीनमालकांच्या अपिलात तेच पुन्हा सांगावं लागलं, आणि त्यासाठी उच्च न्यायालयाचा निकाल फिरवावा लागला. अकरा वर्षं एकच गोष्ट दोनदा सांगण्यात गेली. तेवढ्या काळात किती सातबारे बिघडले असतील ते देव जाणे.

म्हणून तुमचं काम एवढंच: ती नोटीस तुमच्या आजोबांच्या हातात पडली होती का, याचा कागद. बजावणीची पोच, अंगठा, पंचनामा, काहीही. उपवनसंरक्षक, सोलापूर आणि जिल्हाधिकारी कार्यालयाची वनजमीन शाखा, दोन्हीकडे माहिती अधिकारात अर्ज करा आणि नोटिशीची प्रत, बजावणीचा पुरावा, पोटकलम १ ची अंतिम अधिसूचना व कायद्याखाली ताबा घेतल्याचा पंचनामा, एवढंच साक्षांकित मागा. ‘का’ आणि ‘कशाच्या आधारे’ असे प्रश्न घालू नका. अर्ज तिथंच गचकतो. ‘अभिलेखात आढळून येत नाही’ असं उत्तर आलं तर नाराज होऊ नका. सहीशिक्क्याचं ते एक वाक्य तुमच्या चार पानांपेक्षा मोलाचं आहे. तोंडी ‘काही सापडत नाही हो’ मात्र कुठेच चालत नाही.

त्याच वेळी आणखी एक तपासा. यात वकीलसुद्धा गाफील राहतात. राजपत्रातली नोटीस जुन्या सर्व्हे नंबरची आहे आणि तुमचा सातबारा जमिनींच्या एकत्रीकरणानंतरच्या गट नंबरचा. एकत्रीकरणाच्या वेळचा जुळणी तक्ता भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून काढा आणि दोन्ही समोरासमोर ठेवा. नोटीस सर्व्हे नंबरच्या काही एकरांपुरती, ‘पैकी’ अशी असते आणि फेरफार अख्ख्या गटावर चढवलेला असतो. कधी तर शेजाऱ्याच्या नंबरची नोंद आपल्या गटात आलेली असते. तसं निघालं तर सर्वोच्च न्यायालयाचं नाव घ्यायचीही गरज नाही.

आता तुमच्या बाजूचं. फेरफार मंजूर झाला २००७ साली. पीक कर्जासाठी उतारा काढला तेव्हा, म्हणजे २०१३ साली, तुम्ही ही नोंद पाहिलीत. महसूल संहितेप्रमाणे फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपील करायला ६० दिवस असतात. तुम्ही बारा-तेरा वर्षं घेतलीत, कारण तलाठी म्हणाला ‘काही होत नाही, नाव तर तुमचंच आहे’. तलाठ्याचं तोंडी बोलणं हे विलंब माफीचं कारण होत नाही. त्यावर कडी म्हणजे २०१९ चा तुमचा अर्ज. वाळलेली झाडं तोडायला परवानगी मागताना तुम्ही स्वतःच्या सहीनं लिहिलंत, ‘आपल्या विभागाच्या मालकीच्या जमिनीतील’. कोणी सांगितलं होतं हे लिहायला? बाहेरच्या टायपिस्टनं नमुना दिला आणि तुम्ही सही ठोकलीत. कबुली हा अंतिम पुरावा नसतो, गैरसमजातून दिली असं सांगता येतं, आणि नुसत्या कबुलीनं मालकी सरकारकडे जात नाही. पण समोरचा सरकारी वकील तो कागद सगळ्यांत वर लावणार, हे धरून चाला.

विलंबाबद्दल माझं मत: जमीन कायद्यानं सरकारजमा झालीच नसेल तर तुमच्या झोपेमुळे ती सरकारची होत नाही. महसूल नोंद खरी धरली जाते ती विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. हा मुद्दा मजबूत आहे. तरी न्यायाधीश ‘इतकी वर्षं काय करत होता?’ हे विचारणारच, आणि त्या प्रश्नावर एखादं बेंच किती रागावेल हे आधी सांगता येत नाही.

मार्ग कोणता? जमीन खाजगी वन आहे की नाही, ती सरकारजमा झाली की नाही, हा वाद १९७५ च्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे जिल्हाधिकारी ठरवतात. त्यावर महसूल न्यायाधिकरणात अपील. नुसत्या फेरफाराच्या अपिलात प्रांत ‘हे माझ्या अधिकारात नाही’ म्हणून मोकळे होतील. म्हणून मूळ अर्ज कलम ६ चा करा. जिल्हाधिकाऱ्यांकडच्या तारखांची कल्पना असू द्या: आषाढी आली की सगळी यंत्रणा पंढरपुरात, मग निवडणूक, मग टंचाई, आणि बदली झाली की नव्या साहेबांपुढे पहिल्यापासून. निकाल अडकून राहिला तर उच्च न्यायालयात रिट याचिका आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे मुंबईची फेरी वाचली. वेळही वाचेल की नाही, ते बघू.

त्याच कायद्याच्या कलम २२-अ बद्दल कोणीतरी तुम्हाला सांगितलंय आणि तुम्ही त्यावर भाळला आहात. ३० ऑगस्ट १९७५ च्या आदल्या दिवशी मालकाची एकूण जमीन १२ हेक्टरपेक्षा, म्हणजे सुमारे ३० एकरांपेक्षा, कमी असेल तर सरकारजमा झालेली जमीन त्या मर्यादेपर्यंत परत देण्याची ही तरतूद आहे. तुमचा १४ एकरांचा माळ त्यात बसेल असं वाटतं खरं, पण आजोबांची इतर गावांतली जमीन तुम्ही पत्रात दिलेलीच नाही. त्या सालचे सगळे खातेउतारे काढल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. शिवाय ‘परत द्या’ म्हणणं म्हणजे ‘तुमची झाली होती’ हे मान्य करणं. त्यामुळे हा अर्ज करायचाच तर ‘सरकारजमा झालीच नाही हा आमचा मूळ मुद्दा कायम ठेवून, केवळ पर्यायी मागणी म्हणून’ हे शब्द पहिल्याच परिच्छेदात घाला. २०१९ सारखा दुसरा कागद तयार करू नका.

१९७४-७५ ची पीकपाहणीही काढा. रकान्यात ‘गवत पड’ असेल की ज्वारी-हुलगा, यावर बरंच ठरेल, कारण नोटीस बाद ठरली तरी ‘प्रत्यक्षात तिथं वनच होतं’ असा दुसरा पवित्रा सरकार घेऊ शकतं. झाडंझुडपं असलेलं रान आणि उघडा गवताळ माळ यांत फरक आहे असं मी म्हणेन. समोरचा नाही म्हणेल.

बाकीचं थोडक्यात. मालकी तुमची ठरली तरी चिंच हे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतलं झाड आहे. वाळलं असलं तरी आधी परवानगी. बाभूळ, कडुनिंब त्या यादीत नाहीत, पण सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या गोदावर्मन आदेशानंतर खाजगी मालकीचं रानसुद्धा वन ठरू शकतं, तेव्हा तीही आत्ता तोडू नका. नान्नजच्या माळढोक अभयारण्याची तुम्हाला भीती आहे. त्याचं क्षेत्र ८,४९६ वरून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलंय. तुमचा गट अभयारण्याच्या यादीत आहे का ते वन्यजीव विभागातून लेखी घ्या, तो विषय संपेल. काळवीट आणि लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले आहेत, मालकी कोणाचीही असो. कुंपणात एखादा अडकून मेला तर तुमच्यावरच बालंट येईल. शेजाऱ्यानं पिकासाठी वीज सोडली असेल तर त्याला आजच लेखी कळवा. संस्थेशी करार मालकी ठरेपर्यंत अजिबात नको. जे तुमचं आहे की नाही हे ठाऊक नाही, ते दुसऱ्याला कसं देणार?

वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नोटिशीवरची तारीख तुम्ही कळवलेली नाही, आणि खुलाशाची मुदत तीवरून चालते. ती संपायच्या आत एक पानाचा खुलासा द्या: जमीन सरकारजमा झाल्याचा इन्कार, कलम ३५(३) च्या नोटिशीच्या बजावणीचा पुरावा द्यावा ही मागणी, कलम ६ खाली अर्ज करत असल्याचा उल्लेख, तोवर कारवाई स्थगित ठेवावी ही विनंती. पाणवठ्याचं पुण्य त्यात सांगत बसू नका. आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.