हेत्वाभास, छल आणि वितंडा

प्रश्न असा आहे : युक्तिवादातल्या चुकीला ‘तर्कदोष’ म्हणावं की ‘हेत्वाभास’? आणि वितंडवाद म्हणजे तेच का?

तर्कदोष हा सरसकट शब्द, कुठेही खुशाल वापरा. हेत्वाभास मात्र नेमका आहे. यातला हेतू म्हणजे इरादा नव्हे, कारण. कारणासारखं दिसतं पण कारणाचं काम करत नाही, तो हेत्वाभास. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे आग आहे, हे ठीक. पण उलटं फिरवून ‘आग आहे, म्हणजे धूर असणारच’ म्हटलं की फसलं. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर कुठे असतो? न्यायसूत्रांनी, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथाने, 5 हेत्वाभास सांगितले, त्यांतला हा ‘सव्यभिचार’. (दचकू नका. इथे कारणच नको तिथे भटकतं, एवढंच.)

पण रोजच्या बोलण्यात गाडं अडतं ते बहुधा छलापाशी. आपला ‘छळ’ याच शब्दातून आला, मराठीत अर्थ त्रासाकडे सरकला. मूळ छल म्हणजे समोरच्याच्या शब्दाला मुद्दाम भलता अर्थ चिकटवणं. जुनं उदाहरण ‘नवकंबल’चं : एकजण म्हणतो, याच्याकडे नव कांबळं आहे, म्हणजे नवीन. दुसरा विचारतो, नऊ कुठेत? एकच तर दिसतंय! हसू येतं, पण आपलं ‘बघतो’ आठवा.

‘माझ्या अर्जाचं बघाल ना?’
‘बघतो.’
आठ दिवसांनी, ‘काय झालं हो?’
‘बघितला की! करतो कुठे म्हणालो होतो?’

हा अस्सल वाक्छल. यात तर्क चुकलेला नाहीच, म्हणून याला हेत्वाभास म्हणणं मला पटत नाही.

वितंडा आणखी वेगळी. ती चूक नव्हे, वाद घालण्याची तऱ्हा. न्यायसूत्रांत वाद, जल्प (निव्वळ जिंकण्यासाठी भांडणं) आणि वितंडा असे चर्चेचे 3 प्रकार येतात. स्वतःचा पक्ष न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडत राहणं ती वितंडा. आपण मात्र शब्दाचा कीस पाडणाऱ्याला, कधी कधी तर नुसता पुरावा मागणाऱ्यालाही, ‘वितंडवाद घालू नकोस’ म्हणून गप्प बसवतो. बिचाऱ्याने आपलं मत आधीच मांडलेलं असतं, तरी!

लिहिताना संस्कृतच्या नियमाने ‘वितंडावाद’ व्हायला हवं. मराठीत ‘वितंडवाद’ इतका रुळलाय की तो खोडायला मी तरी जाणार नाही.