वीरमातेने रडायचंच नाही का?

"ताई, आईसमोर दादाचं नाव काढायचं की नाही?" सातारा जिल्ह्यातून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) थोरला भाऊ १९९९ साली कारगिल युद्धात, द्रासच्या लढाईत गेला, वय २२. अजूनही जुलै लागला की आईचं अन्नपाणी तुटतं. २६ जुलैला, कारगिल विजय दिवसाला, ती गावच्या कार्यक्रमात फोटोला हार घालते आणि घरी येऊन पडून राहते. "इतकी वर्षं झाली. आजार तर नाही ना हा?"

आधीच्या युद्धांत बहुतेक जवानांवर सीमेजवळच अंत्यसंस्कार होत, घरी तार यायची. कारगिलच्या वेळी पार्थिवं गावोगावी आली. तिरंग्यात लपेटलेली पेटी, बंदुकांची सलामी, लोटलेली पंचक्रोशी. त्या गर्दीत या माउलीला कुणीतरी म्हणालं, "वीरमाता रडत नसते." फार क्रूर वाक्य आहे हे. आपल्या पोरासाठी रडायची मोकळीक तिला नंतरही कुणी दिली नाही.

मी म्हटलं, नाव जरूर काढा. तुम्ही विषय टाळलात की आईला वाटतं, घर त्याला विसरलं.

पुढच्या वेळी ते आईला घेऊन आले. पराक्रमाचं मी काही विचारलंच नाही. "मावशी, त्याला जेवायला काय आवडायचं?"

"शेंगोळी," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. मग थांबल्याच नाहीत. दहावीला गणितात आपटला होता, भरतीसाठी पहाटे पळायचा, पण रात्री परसाकडं जायला धाकट्याला सोबत न्यायचा. सांगताना रडल्या, हसल्याही.

ठरावीक दिवसांत दुःख उसळणं हा आजार नव्हे. मावशी एरवी शेत, म्हशी, नातवंडं सगळं बघतात. मात्र महिनोन्‌महिने झोप, जेवण, रोजची कामं कोलमडली किंवा जगणंच नकोसं झालं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

कार्यक्रम बंद करू नका, हेही मी सांगितलं. गावाने ठेवलेल्या आठवणीचा त्यांना आधार आहे. जुलैत कुणीतरी त्यांच्यासोबत जेवायला बसावं, आणि त्याच्या वाढदिवसाला शेंगोळी करून नातवंडांना काकाच्या खोड्या सांगाव्यात.

निघताना ते गृहस्थ मागे रेंगाळले. "परसाकडं मीच जायचो त्याच्याबरोबर." दादा गेला तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. 'आता आईला सांभाळ' एवढंच त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं. पुढच्या भेटी आम्ही त्यांच्यासाठी ठेवल्या.