वाचक विचारतात : तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्रातले नवे ग्रंथ

राजकीय तत्त्वज्ञानावर इतकी नवी पुस्तके येतात की कोणते पूर्ण वाचावे हेच कळत नाही. मलपृष्ठावर तर प्रत्येकच पुस्तक युगप्रवर्तक असते. वाचायला बसण्याआधी काही अंदाज घेता येतो का?

येतो, आणि त्याला अर्धा तास पुरतो. मलपृष्ठ सोडून द्या. तिथले अभिप्राय प्रकाशकाने मागवून घेतलेले असतात. सुरुवात ऋणनिर्देशापासून करा. कोणते प्रकरण आधी कोणत्या नियतकालिकात लेख म्हणून आले होते, हे बहुतेक वेळा तिथेच सांगितलेले असते. आठांपैकी सहा प्रकरणे अशी असतील, तर सलग युक्तिवादाची अपेक्षा ठेवू नका. हवे ते प्रकरण सुटे वाचले तरी चालते. पुस्तक मुळात प्रबंध होते का, हेही इथे कळते. प्रबंधाचा ग्रंथ होताना पूर्वसंशोधनाचा आढावा गाळायचा किंवा आटवायचा असतो. तो जसाच्या तसा राहिला, की पहिली साठ-सत्तर पाने ‘अमुक असे म्हणतो, तमुक तसे म्हणतो’ यातच जातात आणि लेखकाचे स्वतःचे म्हणणे तिसऱ्या प्रकरणापर्यंत उगवत नाही.

मग प्रस्तावना. तिच्या शेवटी येणारा प्रकरणवार सारांश हा पुस्तकातला सर्वांत रटाळ आणि सर्वांत उपयोगी भाग. तो वाचताना एकच गोष्ट शोधा : पूर्वपक्ष, म्हणजे लेखक ज्याचे खंडन करणार ती भूमिका, कोणाचा आहे? तो नावानिशी, ग्रंथानिशी मांडला असेल तर पुढे कस लागणार असे समजायला हरकत नाही. ‘अनेक विचारवंतांना असे वाटते’ एवढ्यावर भागवले असेल, तर लेखकाने पाडायला सोपे असे बुजगावणे समोर उभे केले आहे. खात्री करायची तर पूर्वपक्षातले सगळ्यात अडचणीचे आक्षेप कोणत्या प्रकरणात घेतले आहेत ते सारांशातून हेरा आणि आधी ते प्रकरण वाचा. पहिल्या प्रकरणावर लेखकाने सर्वाधिक हात फिरवलेला असतो, त्यावरून पुस्तकाची परीक्षा करू नये.

शेवटी सूची. समतेवरच्या ग्रंथात ‘समता’ या शब्दापुढे चाळीस पृष्ठांक ओळीने दिले असतील, तर ती सूची घाईत उरकलेली आहे. त्याच नोंदीखाली ‘संधीची’, ‘संसाधनांची’, ‘आणि व्यक्तिगत जबाबदारी’ अशा उपनोंदी असतील, तर लेखकाने कोणते भेद केले आहेत ते एका नजरेत दिसते. संदर्भसूचीत सर्वांत अलीकडचे वर्ष कोणते आहे, तेही पाहा. हस्तलिखित तज्ज्ञांकडे जाऊन, दुरुस्त होऊन, छापून येईपर्यंत दोनेक वर्षे सहज जातात. तेवढे अंतर माफ. सात-आठ वर्षांचे असेल तर चर्चा पुढे निघून गेली असण्याची शक्यता मोठी.

जॉन रॉल्स यांच्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ची १९७१ची प्रत माझ्याकडे आहे. सुधारित आवृत्ती घ्यावी का? आणि एकूणच ‘नवी आवृत्ती’ आली की जुनी रद्दीत जाते का?

आधी आवृत्ती आणि पुनर्मुद्रण वेगळे करा. मुद्रणहक्काच्या पानावर अनेकदा १ ते १० आकड्यांची ओळ असते. तीत उरलेला सर्वांत लहान आकडा म्हणजे ती कितवी छपाई. छपाई नवी असली तरी मजकूर सहसा तोच राहतो. सहसा म्हणायचे कारण असे, की डेरेक पार्फिट यांच्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’मध्ये (१९८४) लेखकाने नंतरच्या पुनर्मुद्रणांतही दुरुस्त्या केल्या. अशा बदलाची नोंद त्याच पानावर असते.

रॉल्स यांची सुधारित आवृत्ती १९९९ची, पण तिचा मजकूर १९७५मध्ये जर्मन अनुवादासाठी तयार झाला होता. महत्त्वाचे बदल दोन ठिकाणी आहेत : स्वातंत्र्याचे विवेचन आणि प्राथमिक हितांचे (हक्क, संधी, उत्पन्न अशा प्रत्येकाला लागणाऱ्या गोष्टींचे) विवेचन. पहिल्यामागे कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांची १९७३ची टीका आहे. आता गोची पाहा. हार्ट यांचा लेख वाचून तुम्ही १९९९ची प्रत उघडलीत, तर ज्या मांडणीवर त्यांनी बोट ठेवले ती तुम्हाला तशी सापडणारच नाही. त्यामुळे १९७१ची प्रत जपून ठेवा. रॉल्स यांची अंतिम भूमिका उद्धृत करायची असेल तेव्हा १९९९ची वापरा. दोन्हींचे पृष्ठांक जुळत नाहीत. नव्या आवृत्तीत पृष्ठांक जुळवण्याचा तक्ता दिला आहे. त्याहून सोपे म्हणजे कलमाचा क्रमांक देणे. ग्रंथात एकूण ८७ कलमे आहेत आणि दोन्ही आवृत्त्यांत तोच क्रम आहे.

इतरत्र वेगळा हिशेब लागतो. बेनेडिक्ट अँडरसन यांच्या ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’ला (१९८३) १९९१मध्ये दोन प्रकरणांची आणि २००६मध्ये उत्तरलेखाची भर पडली. भर शेवटी असल्याने ती तेवढी वाचनालयात वाचून जुनी प्रत चालवता येते. रॉल्स यांच्याच ‘पोलिटिकल लिबरलिझम’ची १९९३ची प्रत मात्र अपुरी पडते. जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास यांच्या टीकेला दिलेले उत्तर १९९६च्या आवृत्तीत आले आणि सार्वजनिक विवेकावरचा नंतरचा निबंध २००५च्या आवृत्तीत. इथे शेवटचीच घ्यावी.

नव्या ग्रंथांच्या तळटीपांत प्लेटोपुढे ‘३२७ए’, कांटपुढे ‘बी १३१’ असले आकडे असतात. माझ्या अनुवादात ते पान सापडत नाही.

ती पाने तुमच्या प्रतीची नाहीतच. प्लेटोसाठी आँरी एस्तियेन यांच्या १५७८च्या छापील आवृत्तीचे पृष्ठांक वापरतात. ‘ए’ ते ‘ई’ हे पानाचे भाग. ‘रिपब्लिक’ ३२७एला सुरू होते. ॲरिस्टॉटलसाठी बेकर यांच्या १८३१च्या आवृत्तीचे आकडे चालतात. कांटच्या ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’मध्ये ‘ए’ म्हणजे १७८१ची पहिली आवृत्ती आणि ‘बी’ म्हणजे १७८७ची दुसरी. हे आकडे समासात न छापणारा अनुवाद अभ्यासासाठी घेऊ नका, भाषा कितीही गोड असली तरी.

राज्यशास्त्राच्या नव्या पुस्तकांत तक्तेच तक्ते असतात. संख्याशास्त्र शिकलेलो नाही. निष्कर्षावर विश्वास ठेवावा की पुस्तक मिटावे?

मिटू नका. मोठ्या चुका बऱ्याचदा गणिताच्या आधीच झालेल्या असतात आणि त्या पकडायला गणित लागत नाही.

पहिली म्हणजे उदाहरणांची निवड. ‘क्रांती का होते’ या प्रश्नासाठी फक्त क्रांती झालेले देश घेतले, तर त्या सगळ्यांत आढळलेली गोष्ट क्रांतीचे कारण ठरत नाही. क्रांती न झालेल्या देशांतही ती असू शकते. बार्बरा गेडिस यांनी १९९०च्या लेखात हाच दोष उलगडला आणि थीडा स्कॉचपॉल यांच्या फ्रान्स-रशिया-चीनमधल्या क्रांत्यांच्या १९७९च्या अभ्यासालाही तो निकष लावून पाहिला. स्कॉचपॉल यांनी तुलनेसाठी तशी सामाजिक क्रांती न झालेले इंग्लंड, प्रशिया, जपान घेतले होते, हेही लक्षात ठेवा. तेव्हा पद्धतीच्या प्रकरणात ‘न घडलेली’ उदाहरणे शोधा. ती नसतील आणि लेखकाने त्याचे कारणही दिले नसेल, तर पुढचे तक्ते कितीही देखणे असोत, निष्कर्षाला ‘कदाचित’ जोडून वाचा.

दुसरी मोजपट्टी. ‘लोकशाही’ मोजली कशाने? पॉलिटी या मापनात उणे १० ते अधिक १० अशी श्रेणी आहे. फ्रीडम हाउस ही अमेरिकी संस्था राजकीय हक्क आणि नागरी स्वातंत्र्य यांना १ ते ७ गुण देते, आणि तिथे ७ म्हणजे सर्वांत कमी स्वातंत्र्य; ही उलटी दिशा विसरली की तक्त्यातल्या अधिक-उणे चिन्हांचा अर्थच फिरतो. काही अभ्यासक तर लोकशाही आहे किंवा नाही, एवढीच दोन घरे ठेवतात. अशा मापनात लोकशाहीचा हळूहळू ऱ्हास दिसणे शक्यच नाही, कारण देश एक तर या घरात, नाहीतर त्या घरात.

तिसरी म्हणजे तक्त्याच्या तळाशी दिलेली नोंदींची संख्या. पहिल्या तक्त्यात १५० देश आणि चौथ्यात ९० असतील, तर ६० कुठे गेले? बऱ्याचदा नवा घटक जोडताना ज्यांची आकडेवारी मिळत नाही असे देश गळतात, आणि ते बहुधा गरीब किंवा युद्धग्रस्त असतात. म्हणजे नमुनाच बदलला. लेखकाने हे उघड सांगून गळतीपूर्वीचा निकालही दिला असेल तर मान द्यावा. आकडेवारी डेटाव्हर्ससारख्या संग्रहात खुली ठेवली असेल तर आणखी चांगले.

मूळ लेख वाचला असेल तर त्यावरून झालेले पुस्तक वाचावे का?

शीर्षके शेजारी ठेवून पाहा. फ्रान्सिस फुकुयामा यांच्या १९८९च्या लेखाच्या शीर्षकात ‘इतिहासाचा अंत’ यापुढे प्रश्नचिन्ह होते; १९९२च्या ग्रंथात ते गेले आणि ‘शेवटचा माणूस’ आला. सॅम्युएल हंटिंग्टन यांच्या ‘संस्कृतींचा संघर्ष’चेही तसेच : १९९३च्या लेखात प्रश्नचिन्ह, १९९६च्या पुस्तकात नाही. फुकुयामांच्या पुस्तकात इतरांकडून मान्यता मिळवण्याच्या ओढीवर मोठे विवेचन आहे, त्यासाठी ते वाचावे. पुस्तकात केवळ उदाहरणे वाढली असतील तर लेख पुरतो.

नव्या ग्रंथांची विश्वासार्ह परीक्षणे कुठे मिळतात?

तत्त्वज्ञानासाठी ‘नोत्र दाम फिलॉसॉफिकल रिव्ह्यूज’, २००२पासून, मोफत. राज्यशास्त्रासाठी ‘पर्स्पेक्टिव्ज ऑन पॉलिटिक्स’. परीक्षणे पुस्तकामागून वर्ष-दीड वर्षाने येतात, इतका धीर धरावा. एकट्या परीक्षणापेक्षा परिसंवाद बरा : तीन-चार टीकाकार आणि शेवटी लेखकाचे उत्तर. लेखकाने कोणता आक्षेप सोडून दिला, हे तिथे लगेच दिसते.

माझा प्रबंध छापायला एका परदेशी प्रकाशकाने आपणहून ईमेल पाठवली आहे. हस्तलिखित न मागताच होकार दिला.

मग नकार द्या. हस्तलिखित न वाचता होकार म्हणजे तज्ज्ञांची तपासणी नाही. रीतसर वाटेने जाताना आधी प्रस्ताव आणि एक-दोन नमुना प्रकरणे मागतात, ती बहुधा दोन तज्ज्ञांकडे जातात, आणि त्यांचे लेखी शेरे तुमच्या हाती येतात. आणि घाईत करारावर सही झाली असेल, तर प्रबंधातले लेख नियतकालिकांना पाठवण्याआधी मुद्रणहक्काचे कलम वाचा. हक्क पूर्ण लिहून दिले असतील तर तीच प्रकरणे दुसरीकडे छापता येत नाहीत.