हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतोय, फोटो कसे वाचवू?

आधी संगणक बंद करा. टकटक म्हणजे बहुधा आतलं हेड (डेटा वाचणारा भाग) बिघडलंय. डिस्क फिरत राहिली तर डेटा साठवणारी तबकडी खरवडली जाऊ शकते. विंडोजमधला डिस्क दुरुस्तीचा प्रोग्राम चेकडिस्क अजिबात चालवू नका, ते दुरुस्तीच्या नादात मरत्या डिस्कवरच लिहीत सुटतं. फोटोंची दुसरी प्रत नसेल तर थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. खर्च बराच येतो, पण डिस्क घरी उघडू नका, धुळीचा कणही पुरतो. (आवाज नसून नुसत्या फाइली अडकत असतील, तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने अख्खी डिस्क दुसरीवर उतरवता येते.)

पुढच्यासाठी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि काम झालं की केबल काढा, नाहीतर रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर तीही लॉक करतं. दुसरी घराबाहेर, क्लाउडवर किंवा बहिणीकडे.