कंपनीचा लॅपटॉप, घरचा प्रिंटर

घरून काम करणाऱ्या वाचकांची या विषयावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतले आहेत.

प्रश्न : ऑफिसच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. घरी नवा वायफायचा इंक टँक प्रिंटर घेतला. सोबतचा सेटअप चालवला की ॲडमिन पासवर्ड मागतो आणि गाडी तिथेच अडते. — एक वाचक, पुणे

उत्तर : तो सेटअप चालवूच नका. त्यात ड्रायव्हरच्या (लॅपटॉपला प्रिंटरशी बोलता यावं म्हणून लागणाऱ्या प्रोग्रॅमच्या) जोडीला शाईची पातळी दाखवणारं ॲप, स्कॅनिंगचं ॲप, अपडेटर असं बरंच सामान असतं आणि ते टाकायला ॲडमिनचे हक्क लागतात. २०२१ मध्ये छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधलं ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं भगदाड उघडकीला आलं, तेव्हापासून आयटीवाले ड्रायव्हरच्या बाबतीत जास्तच कडक झाले. त्यांचं चूक नाही. स्पूलर सिस्टिमच्या पूर्ण अधिकारांनी चालतो. त्यात खोटा ड्रायव्हर शिरला की अख्खा लॅपटॉप त्याच्या हातात जातो.

तुमच्या प्रिंटरला वेगळा ड्रायव्हर बहुधा लागणारही नाही. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘एअरप्रिंट’ अथवा ‘मोप्रिया’ (वेगळ्या ड्रायव्हरविना छापण्याच्या पद्धती) असं लिहिलेलं असेल, तर विंडोजमध्ये आधीपासून असलेला ‘मायक्रोसॉफ्ट आयपीपी क्लास ड्रायव्हर’ पुरतो. आधी प्रिंटर घरच्या वायफायला जोडा आणि मोबाइलवरून एक पान छापून पाहा. ते निघालं म्हणजे प्रिंटर आणि राउटर दोन्ही ठीक आहेत, पुढची अडचण लॅपटॉपचीच. मग सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स या क्रमाने जाऊन ‘ॲड डिव्हाइस’ दाबा. अर्ध्या-एक मिनिटात यादीत नाव दिसायला हवं.

नाव दिसलं नाही तर पहिला संशय गेस्ट वायफायवर घ्या. अनेक जण ऑफिसचा लॅपटॉप मुद्दाम गेस्ट नेटवर्कवर ठेवतात, आणि गेस्ट नेटवर्कवरची उपकरणं घरच्या बाकी उपकरणांना दिसत नाहीत. प्रिंटर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आणि लॅपटॉप ५ च्या पट्ट्यावर असला तरी सहसा काही बिघडत नाही, दोघं एकाच राउटरच्या मुख्य नेटवर्कवर असले म्हणजे झालं. दुसरा संशय, लॅपटॉपने घरचं नेटवर्क ‘पब्लिक’, म्हणजे परकं, धरलं आहे. मग फायरवॉल शोध घेऊ देत नाही. हे बदलायची मुभा तुम्हाला नसेल तर ‘ॲड मॅन्युअली’मध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) टाकून ‘आयपीपी डिव्हाइस’ हा प्रकार निवडा. पत्ता प्रिंटरच्या नेटवर्क स्टेटसच्या पानावर छापून मिळतो. इथे काही लॅपटॉप पुन्हा पासवर्ड मागतात. मागितला तर तिथेच थांबा आणि आयटीला कळवा.

हाताने पत्ता टाकला असेल तर राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याच्या) सेटिंगमध्ये तो प्रिंटरसाठी राखून ठेवा. नाहीतर वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, की प्रिंटरला नवा पत्ता मिळतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारत ‘ऑफलाइन’ दाखवतो.

आणि हो, पहिलं पान छापण्याआधी कागदाचा आकार बघा. क्लास ड्रायव्हर कधीकधी ‘लेटर’ हा अमेरिकी आकार धरून बसतो, ट्रेमध्ये ए४ असतो, प्रिंटर दिवा लुकलुकवत कागद मागत राहतो आणि आपण वायफायला दोष देतो.

प्रश्न : व्हीपीएन बंद असताना छपाई होते, चालू केला की प्रिंटर गायब. — एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : तुमचा व्हीपीएन, म्हणजे लॅपटॉपला ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित बोगदा, सगळी वाहतूक ऑफिसकडे वळवतो. घरातल्या प्रिंटरकडे निघालेलं पानही त्याच बोगद्यात शिरतं आणि हरवतं. सिस्कोसारख्या काही व्हीपीएन ॲपमध्ये लोकल नेटवर्क वापरू देण्याची खूण असते, पण सर्व्हरकडून परवानगी नसेल तर ती करूनही उपयोग नाही. व्हीपीएन तोडायची मुभा असेल, तर प्रिंट देऊन ठेवा. रांगेतली कामं जोडणी तुटल्यावर बाहेर पडतात. व्हीपीएन कायमचा चालू असेल तर सरळ यूएसबी केबल लावा, कारण ती छपाई नेटवर्कवरून जातच नाही. केबल पाच मीटरपेक्षा लांब नको. कंपनीने पेन ड्राइव्ह बंद केला आहे म्हणजे प्रिंटरही बंदच असेल, असं समजू नका. यूएसबीत साठवणुकीची उपकरणं आणि प्रिंटर हे दोन वेगळे वर्ग आहेत आणि बऱ्याच कंपन्या फक्त पहिला अडवतात. काही दोन्ही अडवतात. ते केबल लावल्यावर लगेच कळेल.

प्रश्न : घरी कॅनन एलबीपी २९०० आहे. अजून उत्तम चालतो, पण ऑफिसचा लॅपटॉप त्याला ओळखत नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर : हा प्रिंटर आपल्याकडे गल्लोगल्लीच्या झेरॉक्सच्या दुकानांत दिसतो आणि खरंच टिकाऊ आहे. पण तो फक्त यूएसबीवर चालतो, आणि पान जुळवण्याचं काम स्वतः न करता संगणकावर टाकतो. त्याची भाषा कॅननची स्वतःची, ‘कॅप्ट’. त्यामुळे क्लास ड्रायव्हर इथे निरुपयोगी. त्याचाच ड्रायव्हर आयटीकडून टाकून घ्यावा लागेल. आयटीकडे नोंदवायच्या तक्रारीत, म्हणजे तिकिटात, नुसतं ‘प्रिंटर चालत नाही’ लिहू नका. पूर्ण मॉडेल, यूएसबी की वायफाय, विंडोजची आवृत्ती, त्रुटीचा स्क्रीनशॉट आणि छापायचं काय आहे, हे पाचही द्या. शेवटच्या मुद्द्यावर परवानगी ठरते.

प्रश्न : फाइल स्वतःच्या जीमेलवर पाठवून मोबाइलवरून छापली तर? किंवा झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲप केली तर? — एक वाचक, ठाणे

उत्तर : कामाच्या फाइलसाठी दोन्ही नकोत. बाहेर जाणाऱ्या मेलवर कंपनीची नजर असते, आणि ग्राहकाची माहिती असलेली पीडीएफ खासगी पत्त्यावर गेली तर खुलासा तुम्हालाच द्यावा लागतो. प्रिंटरला त्याच्या ईमेल पत्त्यावर फाइल पाठवायची सोयही त्यातलीच, कारण फाइल प्रिंटर बनवणाऱ्याच्या सर्व्हरवरून फिरून येते. दुकानातल्या संगणकाच्या डाउनलोडमध्ये तुमची फाइल किती दिवस पडून राहील, ते दुकानदारालाही सांगता येणार नाही.

फॉर्म १६ किंवा पगाराची स्लिप हवी असेल तर प्रश्नच वेगळा. ती तुमची कागदपत्रं आहेत. एचआर पोर्टल मोबाइलवर उघडत असेल तर तिथूनच उतरवा आणि घरच्या प्रिंटरवर छापा. लॅपटॉप मध्ये आणूच नका.

प्रश्न : मॅकला ड्रायव्हर लागत नाही म्हणतात, तरी माझा ऑफिसचा मॅक पासवर्ड मागतो. — एक वाचिका, मडगाव

उत्तर : ड्रायव्हर लागत नाही हे एअरप्रिंटपुरतं खरं. पण मॅकवर नवा प्रिंटर जोडायला ॲडमिनचे हक्क किंवा ‘एलपीॲडमिन’ या गटाचं सदस्यत्व लागतं. त्या गटात तुमचं खातं घालायला आयटीला दूरवरून एक आज्ञा पुरते आणि बाकी कोणतेही ॲडमिन हक्क द्यावे लागत नाहीत. तिकिटात गटाचं नाव लिहून नेमकं एवढंच मागा.