दोन ऑफ-व्हाइटमधला कुठला?

प्रश्न : हॉलची खिडकी उत्तरेला आहे, फरशी पांढरी. एक ऑफ-व्हाइट पिवळसर, दुसरा राखाडी झाकेचा. शेडकार्डवर दोन्ही सारखेच दिसतात. कुठला घ्यावा?

उत्तर : शेडकार्डच्या बोटभर तुकड्यावर ठरवू नका. चारही भिंती एकमेकींवर रंग परावर्तित करतात, त्यामुळे झाक कार्डापेक्षा गडद दिसते. आधी कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा. लपलेली झाक लगेच उघडी पडते.

मग दोन्ही रंगांचा सर्वांत लहान डबा आणा. दोन फूट बाय दोन फुटांच्या जाड पुठ्ठ्यांवर प्रायमर लावून रंगाचे दोन हात द्या. दोन हातांमध्ये चार तास जाऊ द्या. कडेने दोन इंच पांढरी पट्टी सोडा. जुन्या भिंतीवर थेट नमुना लावला तर शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो, म्हणून पुठ्ठाच बरा. पुठ्ठे उभेच धरा, खिडकीजवळ आणि आतल्या कोपऱ्यात. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून पाहा. दिव्यांच्या खोक्यावरचा केल्विनचा आकडाही वाचा, उजेड पिवळसर की निळसर ते तो सांगतो : ३००० केल्विनला पिवळसर रंग आणखी पिवळा होतो, ६५०० ला राखाडी निळसर.

उत्तरेचा उजेड थंड असतो. त्यात राखाडी झाक बहुधा मळकट वाटते, म्हणून आमचा कल पिवळसर रंगाकडे. मात्र रात्री पिवळे दिवेच लागत असतील, तर तो साय धरल्यासारखा दिसतो. तिथे ४००० केल्विनचे दिवे लावा.

सगळे डबे एकाच बॅचचे घ्या.