क्वेरीतून पान तयार होत असेल तर कुकी कुठे सेट करायची?

तुमचा प्रश्न असा: एसक्यूएलपेजमध्ये (एसक्यूएल क्वेरी लिहून वेबपानं बनवायचं साधन) लॉगिन तपासून झाल्यावर कुकी (साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद) सेट केली, पण त्याच फाइलीत खाली वाचायला गेलं की नल, म्हणजे रिकामं, मिळतं; आणि कुकीची क्वेरी तक्त्याच्या खाली हलवली की थेट एररच येतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

एरर क्रमामुळे येतो. कुकी पानाच्या मजकुरात नसते, ती सेट-कुकी या हेडरमधून (ब्राउझरसाठीच्या माहितीच्या ओळीतून) मजकुराच्या आधी जाते. एसक्यूएलपेज तर ओळी मिळतील तसतसं पान ब्राउझरकडे सोडत जातं, त्यामुळे तक्ता, यादी, काहीही एकदा बाहेर पडलं की हेडर पाठवता येत नाही. कुकी कंपोनंटची (कंपोनंट म्हणजे एसक्यूएलपेजचा तयार घटक) क्वेरी पानावर काही दाखवणाऱ्या सगळ्या क्वेरींच्या वर ठेवा, पानाची चौकट काढणाऱ्या शेल कंपोनंटच्याही आधी.

नल मिळतं ते मात्र बरोबरच आहे. कुकी वाचणारं फंक्शन ब्राउझरने आत्ताच्या विनंतीसोबत काय पाठवलं ते सांगतं, आणि तुम्ही सेट केलेली कुकी येणार ती पुढच्या विनंतीत. म्हणून कुकी सेट करून लगेच रिडायरेक्ट करा आणि दुसऱ्या पानावर वाचा.

लॉगिनच्या फाइलीत मग तीनच गोष्टी उरतात. आधी ऑथेंटिकेशन कंपोनंट, त्याला टेबलातला पासवर्डचा हॅश (उलट न फिरवता येणारं सांकेतिक रूप) आणि फॉर्ममधला पासवर्ड द्या; जुळला नाही तर तो तिथूनच परत पाठवतो आणि खालच्या क्वेरी चालतच नाहीत. त्यानंतर सेशनच्या (चालू लॉगिनच्या नोंदींच्या) टेबलात इन्सर्ट: ३२ अक्षरांची रँडम स्ट्रिंग, युजरचा आयडी, मुदत संपण्याची वेळ. या इन्सर्टलाच रिटर्निंग (घातलेली ओळ परत देणारा भाग) जोडून कुकी कंपोनंटची ओळ परत घेता येते, वेगळी सिलेक्ट लागत नाही. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट (३.३५ पासून) यांत हे चालतं, मायएसक्यूएलमध्ये रिटर्निंग नाही; तिथे स्ट्रिंग आधी व्हेरिएबलमध्ये धरून दोन क्वेरी लिहा. शेवटी रिडायरेक्ट.

कुकीत तेवढी स्ट्रिंगच जाऊ द्या. युजरचा आयडी किंवा 'ॲडमिन' असली खूण कुकीत ठेवणं म्हणजे धोकाच, कारण ब्राउझरच्या डेव्हलपर टूलमध्ये ती कोणीही बदलू शकतो. त्याच कारणाने कुकीतलं मूल्य क्वेरीत जोडून लिहू नका, पॅरामीटर म्हणूनच द्या. मुदतही टेबलातच तपासा: प्रत्येक संरक्षित पानाच्या वरच्या क्वेरीत स्ट्रिंग जुळते का आणि वेळ उलटली नाही ना, हे दोन्ही. कुकीवरची मुदत, मॅक्स-एज, ही फक्त ब्राउझरला केलेली सूचना (सेकंदांत, एका आठवड्याचे ६०४८००).

एवढं करूनही कुकी येत नसेल तर बहुधा कुकीचं सिक्युअर हे सेटिंग (कुकी फक्त एचटीटीपीएसवर) आडवं येतं. ते आपोआप चालू असतं, आणि साध्या एचटीटीपीवर, विशेषतः दुसऱ्या मशीनवरून आयपी पत्त्याने उघडलं तर, ब्राउझर कुकी गुपचूप टाकून देतो. चाचणीपुरतं ते बंद करा, खऱ्या सर्व्हरवर कधीच नाही. ईमेलमधल्या लिंकवरून आल्यावरच युजर लॉगआउट झालेला दिसत असेल तर सेम-साइट (दुसरीकडून आल्यावर कुकी पाठवायची का, हे सेटिंग) स्ट्रिक्ट आहे का पाहा. बहुतेक ॲपना त्याहून सैल असलेलं लॅक्स पुरतं. एका फोल्डरातल्या पानांना कुकी मिळते आणि दुसऱ्यातल्यांना नाही, असं झालं तर पाथ (कुकी साइटच्या कुठल्या भागाला मिळेल ते) उघडपणे नुसता स्लॅश द्या.

लॉगआउटला टेबलातली ओळ आधी डिलीट करा, मग कुकी काढा. काढताना नाव, पाथ आणि डोमेन सेट करताना होते तेच हवेत, नाहीतर जुनी कुकी जशीच्या तशी राहते.